पोटात पाणी (असायटिस) आहे, पण मान बघितली का?

एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना इथे द्यावी लागणारी परीक्षा, देणारी दोन-तीन मुलं रविवारी विक्रोळीला माझ्यासोबत राउंडला असतात, पेशंटला विचारूनच. परदेशातून एमबीबीएस करून आलेली ही मुलं. 300 एमसीक्यू, पास व्हायला 150, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे क्लासवाले नुसते पॉइंट्स घोकून घेतात आणि पेशंटला हात कसा लावायचा ते कुणीच शिकवत नाही, याची मला भयंकर चीड येते.

मागच्या महिन्यात भांडुपचे एक काका होते. पोट टम्म फुगलेलं, पायाला सूज त्यामानाने अगदीच कमी. आधी दुसरीकडे दोनदा पोटातलं पाणी काढलेलं, फाइलवर शिक्का अल्कोहोलिक लिव्हरचा. काका सांगत होते, "दारू कधीच सोडली हो, पण कुणी ऐकूनच घेत नाही."

मी म्हटलं फाइल मिटा, जेव्हीपी बघा, म्हणजे मानेच्या शिरेतलं प्रेशर. 45 अंशांवर टेकवलं, मान थोडी डावीकडे, खिडकीचा उजेड तिरका. दोघांनी लगेच सांगून टाकलं, दिसत नाही म्हणजे नॉर्मल. किर्गिझस्तानहून आलेली मुलगी मात्र हलेना, तिने काकांना सरळ ताठ बसवलं आणि तेव्हा कानाच्या पाळीखाली शीर लवताना दिसली! प्रेशर एवढं की टेकून बसल्यावर वरचं टोक जबड्याच्या मागे लपत होतं. मग दीर्घ श्वास घ्यायला लावला, तर शीर खाली जायची सोडून आणखी वर. कुसमॉल साइन.

नुसत्या सिरोसिसमध्ये, म्हणजे लिव्हर खराब झाल्यावर, जेव्हीपी एवढी चढत नाही, हार्ट बघावंच लागतं. एको आणि सीटी केलं, पेरिकार्डियम, म्हणजे हृदयाभोवतीचं आवरण, जाड, कॅल्शियम साचलेलं. कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस. आपल्याकडे याचं मोठं कारण टीबी, आणि काकांनी तरुणपणी टीबीची औषधं घेतलेली. ते फाइलमध्ये कुठेच नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

हाच पेशंट पेपरात आला असता तर तिघांनीही पाच सेकंदात बरोबर टिक केलं असतं, कारण तिथे रेज्ड जेव्हीपी आयती लिहून मिळते. एफएमजीईच्या जागी येणारी, प्रॅक्टिकलवाली नेक्स्ट परीक्षा 2019 च्या कायद्यात आहे, अजून झालेली नाही.

नॉर्मल म्हणणारे दोघं मॉक टेस्टला आरामात पास होतात. ही पोरगी एकदा नापास झालीय आणि अजूनही 140 च्या आसपास अडकते. काकांना सर्जनकडे पाठवलंय, पेरिकार्डियम काढावं लागेल. तिला म्हटलंय, बायोकेमिस्ट्री आणि पीएसएम (सार्वजनिक आरोग्याचा विषय) पाठ करून टाक बाई, तेवढे दहा मार्क कुठूनही आण.