तुम्ही विचारलंत म्हणून: मी उत्तरं लिहून का देत नाही

"बाई, बाकीचे शिक्षक वहीत उत्तरं लिहून देतात, तुम्हीच का देत नाही?" पालकसभेत हे दरवर्षी ठरलेलं. स्टाफरूममध्ये तेच जरा तिरकं: "तुमच्या वर्गात शिकवणं कमी, गप्पाच जास्त." एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुढच्या सभेत चहा तरी गरम पिता येईल.

मी गणिताची. इतिहास गळ्यात पडलाय, कारण शाळेत माणसं कमी. शिवजन्माच्या दोन तिथ्या मी फळ्यावर शेजारीशेजारी लिहिते: उत्तरकालीन बखरींतली शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे १६२७, आणि जेधे शकावलीतली (जेधे घराण्याकडच्या सालवार नोंदींतली) शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. खरी कुठली, हे लगेच विचारत नाही. लिहिणारा त्या काळाच्या किती जवळचा, दुसरं कुठलं साधन दुजोरा देतं का, हे विचारते. शिवभारत या शिवकालीन संस्कृत काव्यातही फाल्गुनच आहे, हे तास संपताना सांगते. वहीत नुसतं '१६३०' लिहून दिलं असतं तर दहा सेकंदांत काम झालं असतं, कबूल.

गणितात उत्तर आलं की "कसं काढलंस?" विचारते, बरोबर आलेल्यालाही. फक्त चुकलेल्यालाच विचारलं तर पोरं लगेच ओळखतात. आणि प्रश्न टाकल्यावर गप्प राहते. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एखादा सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. मुख्याध्यापक नेमके त्याच तीन सेकंदांत दारातून डोकावतात.

इथवर मी तुमच्याशी आरामात भांडू शकते. पुढचं जड जातं.

दहावीच्या सांख्यिकीला मी जाहिराती वाचायला लावते. स्टँडजवळ एका खासगी क्लासचा फ्लेक्स होता, 'निकाल १००%', खाली मुलांचे फोटो. मी म्हटलं, शंभर टक्के म्हणजे कितीपैकी किती? पोरं सुटलीच. जूनमध्ये किती होते? मध्येच सोडून गेलेले धरलेत का? नववीत कमी मार्क असलेल्यांना प्रवेशच दिला नसेल तर? एक मुलगी घरी जाताना थांबून फोटो मोजून आली. ती त्याच क्लासला जायची. तिथे तिने भरवर्गात, अगदी नीट 'सर' म्हणून विचारलं, "गेल्या वर्षी जूनमध्ये बॅचला किती जण होते?"

दुसऱ्या दिवशी तिला क्लासमधून काढलं. जानेवारी चालू होता. फी परत नाही. क्लासचे सर शाळेत येऊन माझ्यावर ओरडले, "मॅडम, पोरं आमच्या अंगावर सोडता?" त्यांच्याशी मी कडाडून भांडले, ते सोपं होतं. मग तिची आई आली. शिलाईवर घर चालवते. ती ओरडली नाही. "बाई, प्रश्न तुमचा होता. भोगतेय माझी पोर." मी म्हटलं, संध्याकाळी माझ्याकडे पाठवा, मी शिकवते. "तुम्ही गणित शिकवाल. इंग्रजी? विज्ञान?" पिशवी उचलून गेली. तेव्हा काही सुचलं नाही, आजही सुचत नाही.

नोकरीला लागले तेव्हाची मी म्हणाली असती, प्रश्न रास्त होता ना, मग झालं. रास्तच होता. आजही मी तोच विचारेन. पण मला पगार चालू राहतो, तिचा क्लास जातो, हे त्या वेळच्या मला कुठे दिसत होतं? मग पोरांना सांगायचं का, की कुणाला, कधी, कुठे विचारायचं ते आधी बघा? सांगायला तोंड उघडते आणि माझ्याच तोंडून आमच्या आत्या बोलायला लागतात: मोठ्यांना उलट विचारू नये. म्हणून पुन्हा गप्प बसते. तीन सेकंदांहून बरीच जास्त.

राहिला तुमचा प्रश्न. नमुना उत्तरं मी देते. हो, देते, फेब्रुवारीत. बोर्डाचा पेपर तपासणारा माझ्या पोरांना ओळखत नाही, आणि त्यांच्या मार्कांवर माझी तत्त्वं मिरवायची मला हौस नाही. तेव्हा खुशाल झेरॉक्स न्या. जूनमध्ये मात्र मागू नका.

फ्लेक्स यंदाही घेणार आहे. शेजारच्या वर्गाचे सर म्हणाले, निदान क्लासचं नाव तरी झाका. नाव झाकलं तर पोरं ओळखणार नाहीत, असं त्यांना खरंच वाटतं.