तुम्ही विचारलंत म्हणून: दीड महिन्याची बदली

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो नागपूरच्या एका काकांनी, आणि तोही अमेरिकेत. सॉल्ट लेक सिटीतल्या टेम्पल स्क्वेअरवर, म्हणजे आमच्या मॉर्मन चर्चच्या मुख्य मंदिराच्या आवारात, मी मिशनरी होते. छातीवर नावाचा काळा बिल्ला आणि त्याच्यासोबत आपापल्या देशाचा छोटा झेंडा, अशी तिथल्या मुलींची पद्धत. काका तिरंगा बघून थबकले. "इंडिया?" मी म्हटलं, "ठाणे." त्यानंतर मराठीत जी गाडी सुटली, त्यात काकूंचं मंदिराचे फोटो काढायचं राहूनच गेलं. पगार किती? लग्न करू देतात का? घरचे काय म्हणाले? आणि मग तो प्रश्न, जो पुढे मावशीपासून ऑफिसातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी विचारला: दर दीड महिन्याला बाडबिस्तरा उचलायचा, गाव नवं, बरोबरची मुलगी नवी, माणसं नवी. हे जमतं कसं?

तेव्हा वेळ नव्हता. पुढच्या गटाला टॅबरनॅकलमध्ये नेऊन टाचणी पाडून दाखवायची होती. (हे खरंच आमचं काम होतं. त्या सभागृहाचं छत असं आहे की व्यासपीठावर पाडलेली टाचणी पार मागच्या बाकावर ऐकू येते. मी ती किती वेळा पाडली असेल देव जाणे.) आज सवड आहे, म्हणून सांगते.

आधी किरकोळ उत्तरं. पगार शून्य. उलट घरचेच पैसे भरतात. त्या वेळी अमेरिकन मुलांच्या घरून महिन्याला 400 डॉलर जायचे. मुलांची दोन वर्षं, मुलींचे अठरा महिने. लग्न परत आल्यावर. तुम्ही 'मॉर्मन' म्हणता ते चालेल. तसं म्हणू नका, चर्चचं पूर्ण नाव घ्या, असं आमच्याच तेव्हाच्या अध्यक्षांनी 2018 साली सांगितलंय, पण ते पूर्ण नाव इतकं लांब आहे की मावशीला अजून पाठ झालेलं नाही. आमचं घर मूळचं नगरकडचं, मराठी ख्रिस्ती. रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं म्हणत वाढलेली आई पुढे या चर्चमध्ये गेली आणि मी तिच्यामागून. मावशीकडचे अजून जुन्याच चर्चमध्ये आहेत. ऑक्टोबर 2012 मध्ये मुलींचं मिशनवर जायचं वय एकविसावरून एकोणीसवर आणलं. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि माझ्याकडची सबब संपली.

बदलीचं म्हणाल तर मला तिचं अप्रूप नव्हतं. बाबा बँकेत. खेड, जळगाव, लातूर असं करत आम्ही ठाण्याला टेकलो. ट्रक, गोणपाट, कपबशा गुंडाळायला जुने पेपर हे सगळं अंगवळणी पडलेलं. पण बँकेच्या बदलीत निदान घर रिकामं मिळतं. मिशनरीच्या बदलीत आपण दुसरीच्या चालू संसारात पाय टाकतो. गादीवर आधीचीची चादर, फडताळात तिचा अर्धा संपलेला पीठाचा डबा आणि दारात तिची वाट बघणारी माणसं.

टेम्पल स्क्वेअरच्या मुलींना अठरा महिन्यांतले मधले काही महिने बाहेरच्या एखाद्या मिशनमध्ये पाठवत. माझ्या वाट्याला नेब्रास्का आलं. जानेवारी 2014. ओमाहाला विमानातून उतरले आणि तिथून अडीच तास पश्चिमेला, ग्रँड आयलंड नावाच्या गावी. नावात बेट आहे म्हणून मी मनात काहीतरी हिरवंगार रंगवलेलं. प्रत्यक्षात सपाट जमीन, कापून नेलेल्या मक्याचे खुंट, त्यावर बर्फ, आणि रात्रभर कोळशाच्या मालगाड्यांच्या शिट्ट्या. थंडी उणे वीस. दोन बॅगा घेऊन जिन्याखाली उभी होते तेव्हा माझ्या नाकातलं पाणी गोठलं होतं, हे मला खोलीत गेल्यावर कळलं.

जोडीदारीण यूटातल्या शेतकऱ्याची मुलगी. एकोणीस वर्षांची, सहा फुटांना दोन बोटं कमी. माझ्या आडनावात 'ळ' आहे. तिने तीन वेळा प्रयत्न केला, मग सरळ "सिस्टर टी" म्हणायला लागली. ठाण्याचा टी. आता या मुलीपासून मला नजरेच्या आणि हाकेच्या पलीकडे जायचं नाही, असा नियम. न्हाणीघर सोडलं तर चोवीस तास सोबत. सासू-सुनांचं तरी दुपारी एक डुलकीपुरतं वेगळं होत असेल.

दिवस कसा, तर साडेसहाला उठायचं. अर्धा तास व्यायाम, आवरणं, आठ ते नऊ एकटीने वाचन, नऊ ते दहा दोघींनी मिळून. दहाला बाहेर, रात्री नऊला घरी, उद्याची आखणी, साडेदहाला दिवे बंद. टीव्ही नाही. सोमवारी 'पी-डे', म्हणजे धुणं, वाणसामान, आणि गावच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर बसून घरी ईमेल. घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला. (2019 पासून दर आठवड्याला करता येतो. आईला हे कळलं तेव्हा ती माझ्यावरच चिडली, जणू मी मुद्दाम लवकर गेले.) ऐकायला हे तुरुंगासारखं वाटतं. पण नव्या गावात पहिले आठ दिवस तेच वेळापत्रक आधाराला असतं. रस्ता कुठला ते माहीत नसतं, निदान नऊ वाजता काय करायचं ते माहीत असतं.

गाडी ती चालवायची, मला येत नव्हती. आणि नियम असा की गाडी मागे घ्यायची असेल तर दुसरीने उतरून मागे उभं राहून सांगायचं. उणे वीसमध्ये, दिवसातून दहा वेळा. पहिल्याच दिवशी मी उतरले, हात वर केला आणि तोंडातून आपोआप एसटीच्या कंडक्टरचा सूर निघाला: "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस्स!" तिने ब्रेक मारला तो हसण्यानेच. दोन आठवड्यांत ती 'बस्स' शिकली आणि तिने तो शब्द सगळीकडे वापरायला घेतला. जेवताना कोणी ताटात वाढायला लागलं की "बस्स". गाडीत वेगावर नजर ठेवणारं एक यंत्र होतं, मर्यादा ओलांडली की ते बाईच्या आवाजात समज द्यायचं. त्यालाही "बस्स".

जेवणाचं असं असे की रविवारी चर्चमध्ये बायकांच्या वर्गात एक पॅड फिरायचा. ज्यांना आम्हाला जेवायला बोलवायचंय त्यांनी तारखेपुढे नाव घालायचं. म्हणजे नव्या गावी पोचल्यापासून रोज परक्या घरी पंगत. बटाट्याच्या किसात भरपूर चीज आणि साय घालून वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स, हा पदार्थ मी इतक्या घरी खाल्ला की शेवटी मी त्याला चिवडा-बटाटा म्हणायला लागले. तिथले लोक तो मयताच्या जेवणाला करतात म्हणून त्याचं नावच तसं आहे, हे मला दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर सांगितलं.

चहा आम्हाला चालत नाही, कॉफीही नाही. ठाण्यात यावरून मावशीने जे ऐकवलंय ते राहू द्या. पण आमच्याच इमारतीत एक सोमाली कुटुंब होतं. गावात मांसाचे मोठे कारखाने आहेत, कामाला कुठकुठून लोक येतात. त्या बाईने एकदा जिन्यात अडवलं आणि चहा विचारला. वेलची, दालचिनीचा वास सगळ्या जिन्यात पसरलेला. मी नाही म्हटलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला नीट ओळखीचं होतं. दारातून पाहुणा तोंड कोरडं ठेवून गेला की आजीचा चेहरा असाच व्हायचा. मी घाईघाईने सांगितलं, चहा सोडून काहीही द्या. तिने सांबूसा आणून दिले, म्हणजे तिकोनी समोसेच. वर दोघी भिंतीला टेकून बसलो आणि न बोलता सहा खाल्ले. त्यातले चार मी.

पण मला खरं सांगायचंय ते त्या फाइलबद्दल.

प्रत्येक भागाची एक जाडजूड फाइल असायची, एरिया बुक. पुढे ती टॅबलेटवर गेली, आमच्या वेळी कागदाची होती. ज्या-ज्या माणसांकडे मिशनरी जातात त्यांचं एकेक पान: कधी भेटलो, काय बोललो, पुन्हा कधी. बदली झालेली मुलगी आपली माणसं अशी पानांवर ठेवून जाते आणि नवी येऊन पहिल्या रात्री ती वाचते. एका पानावर तीन वेगवेगळी अक्षरं होती. पहिलं गोल: "कुत्रा बहिरा आहे. त्याला दिसेल असं पुढून जा, दचकला तर चावतो." दुसरं तिरपं: "धर्मात रस नाही. गप्पांत आहे." तिसरं, घाईतलं: "बुधवारी नको. बुधवारी नवऱ्याच्या थडग्यावर जाते."

म्हणजे त्या आजीला मी भेटायच्या आधीच तिचं एवढं माझ्या हातात. पिवळं घर, नवरा आयुष्यभर रेल्वेत. आम्ही गुरुवारी गेलो, पुढून. तिने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "मागची कुठे गेली?" सांगितलं, बदली झाली. "नेहमी तेच," ती म्हणाली आणि आत निघून गेली. दार उघडंच होतं म्हणून आम्हीही गेलो.

तिच्याकडे आम्ही पायरीवरचा बर्फ ओढायचो, कुत्र्याला औषध द्यायचो, तिचं रेल्वेपुराण ऐकायचो. धर्माचं मी दोनदा काढलं, दोन्ही वेळा तिने टीव्हीचा आवाज वाढवला. कंटाळा येत नाही का, असं तुम्ही विचारता. कंटाळा कधीच आला नाही. लाज वाटायची. सहा आठवड्यांच्या बोलीवर आलेल्या मुलीने कोणाच्या नवऱ्याच्या शेवटच्या रात्रीबद्दल ऐकावं का? आम्ही दोन बॅगा उचलून पुढच्या गावी जातो, तिथे नवं काहीतरी असतं. ती मात्र त्याच खुर्चीत बसून दर दीड महिन्याला नव्या मुलीला कुत्र्याचं नाव सांगते. बदलीचं ओझं आमच्यापेक्षा तिच्यावर जास्त होतं, आणि ते तिने मागितलेलंही नव्हतं. हे मी तेव्हा आमच्या वरच्यांना बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं.

सहा आठवड्यांनी यूटाची गेली, तिच्या जागी दुसरी आली आणि गावातली 'जुनी' मी झाले. मला, जिला अजून उत्तर-दक्षिण कळत नव्हतं, रस्ते सांगायचे होते. फेब्रुवारीच्या शेवटी करकोचे आले. प्लॅट नदीवर दर वर्षी उत्तरेकडे जाताना ते लाखांनी उतरतात, रात्री नदीच्या उथळ पाण्यात उभे राहतात आणि दिवसा शेतात सांडलेला मका टिपतात. कोणी सांगितलं नव्हतं. एका दुपारी नवीला वाट दाखवता दाखवता मी तिला चुकीच्या रस्त्याला घातलं आणि दोन्ही बाजूंची शेतं राखाडी पक्ष्यांनी भरलेली. काचा वर असूनही त्यांचा कलकलाट गाडीत येत होता. ती म्हणाली, हे रोज असतं का? मी म्हटलं, हो. जुनीने असंच बोलायचं असतं.

मार्चअखेर मला परत सॉल्ट लेकला बोलावणं आलं. शेवटच्या रात्री मी फाइल घेऊन बसले. पिवळ्या घराचं पान भरून, फाटून गेलं होतं, म्हणून नवं पान घेतलं आणि सगळं सुवाच्य उतरवून काढलं. कुत्र्याचं, त्याच्या औषधाचं, गप्पांचं. कुठल्या खुर्चीत बसायचं नाही तेही लिहिलं. माझं अक्षर शाळेपासून चांगलं. पान बघून मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मे महिन्यात टेम्पल स्क्वेअरच्या पत्त्यावर तिचं पत्र आलं. रेल्वेच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, शिसपेन्सिलने. कुत्रा बरा आहे. नव्या मुलींपैकी एक ब्राझीलची आहे, तिला बर्फ ओढता येत नाही, पण आता बर्फही नाही. आणि खाली: तू त्यांना बुधवारचं सांगितलेलं दिसत नाही. त्या बुधवारीच आल्या. मी निघतच होते, मग त्यांना गाडीत घेतलं आणि बरोबर नेलं.