जाताना दाबोळी, येताना मोपा

मुंबईचे तिकीट काढताना गोव्याच्या माणसाला आता वेळेच्या आणि भाड्याच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागतो, तो म्हणजे विमानतळ कोणता. मी राहतो फोंड्याला आणि आमचे मूळ घर पेडणे तालुक्यात, मोप्याच्या सड्याखालच्या, म्हणजे कातळाच्या पठाराखालच्या, एका गावात. यंदा चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर एका कामासाठी मुंबईला जाऊन यायचे होते आणि परस्पर मूळ घरी पोचायचे होते, म्हणून जाताना दाबोळीचे आणि येताना मोप्याचे तिकीट काढले. तिकीट देणाऱ्या मुलाने दोन्ही नावे मोठ्याने वाचून दाखवली आणि पुन्हा विचारले, “नक्की ना, काका?” एका विमानतळाचे तिकीट हातात घेऊन दुसऱ्या विमानतळावर पोचलेली माणसे त्याच्या दुकानात नंतर भांडायला येतात, असे त्याचे म्हणणे. दोहोंमध्ये रस्त्याने साठेक किलोमीटर अंतर आहे, तेव्हा ही चूक निस्तरण्याजोगी नसते. जेमतेम ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात दोन आंतरराष्ट्रीय विमानतळ, ही गोष्ट मला अजूनही पुरती अंगवळणी पडलेली नाही.

गुरुवारी सकाळी बोरीचा पूल ओलांडून लोटली, वेर्णा करीत दाबोळीला पोचलो. विमान दुपारचे होते आणि गर्दी म्हणावी तर जत्रेची. या गर्दीचे कारण प्रवाशांच्या संख्येपेक्षा घड्याळात अधिक आहे. दाबोळीची धावपट्टी नौदलाची, आय.एन.एस. हंसा हा नौदलाचा तळ तेथे आहे आणि नागरी विमानतळ म्हणजे त्या तळाच्या कडेला मिळालेली जागा. सोमवार ते शुक्रवार सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले असतात, त्यामुळे नागरी विमाने उरलेल्या वेळेत दाटीवाटीने बसवावी लागतात. २०१३ च्या डिसेंबरमध्ये काचेची आणि पोलादाची मोठी नवी इमारत उभी राहिली, तेव्हा आता प्रश्न मिटला असे आम्हा सर्वांना वाटले होते. पण इमारत वाढवता आली तरी सकाळ वाढवता येत नाही. २०१९ च्या सुमारास येथून वर्षाला ऐंशी लाखांहून अधिक प्रवासी ये-जा करू लागले होते.

काचेतून पलीकडे नौदलाची राखाडी विमाने दिसत होती. विमानवाहू जहाजावरून उड्डाण करण्याचा सराव जमिनीवरच करता यावा म्हणून उभारलेली, टोकाला वर उचललेली एक छोटी धावपट्टीही या तळावर आहे. फोटो काढू नयेत अशी सूचना तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून झाली आणि शेजारच्या काकांनी वर धरलेला मोबाईल मुकाट्याने खिशात घातला.

या धावपट्टीचा जन्मच मुळी अडवणुकीतून झालेला आहे. भारताने गोव्याची आर्थिक कोंडी सुरू केल्यावर पोर्तुगीज सरकारला बाहेर पडायला स्वतःचा मार्ग हवा होता, म्हणून गव्हर्नर जनरल बेनार्ड गेदिश यांच्या कारकिर्दीत हा विमानतळ बांधला गेला आणि १९५५ मध्ये सुरू झाला. त्यांच्याच नावाने तो तेव्हा ओळखला जाई. तेथून पोर्तुगीजांच्या हवाई कंपनीची विमाने दमण, दीव आणि कराचीकडे जात. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने या धावपट्टीवर बाँब टाकले. तरी त्याच रात्री, अंधारात, तिच्या शाबूत राहिलेल्या तुकड्यावरून दोन प्रवासी विमाने कराचीकडे निसटली. त्यानंतर तळ नौदलाकडे आला आणि नागरी विमाने पाहुणी झाली. १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल परिषदेचे बडे पाहुणे विश्रांतीसाठी गोव्यात आले, तेव्हा विमानतळापासून रस्त्यांपर्यंत सगळ्यांची डागडुजी झाली. पर्वरीहून साळगावच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याला आम्ही अजून ‘चोगम रोड’ म्हणतो तो त्या परिषदेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. पुढे युरोपातून चार्टर विमाने येऊ लागली आणि पाहुणीच घराबाहेर ओसंडून वाहू लागली.

मुंबईतल्या पाच दिवसांविषयी येथे लिहिण्यासारखे काही नाही. मंगळवारी, म्हणजे तयेच्या, चवथीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळच्या विमानाने परत निघालो.

उतरताना तेरेखोलची नदी दिसावी म्हणून मुद्दाम खिडकीची जागा घेतली होती, पण खाली नुसता कापूस पिंजून ठेवल्यासारखे ढग होते. मोपा समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरहून उंच आहे आणि पावसाळ्यात ढग सड्यावर येऊन बसतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. वैमानिकाने एक घिरटी घातली, दुसरी घातली, आणि मग ढग एकदम फाटून खाली लालसर माती, हिरवळ आणि त्यावर काळी सरळ रेघ दिसली. साडेतीन किलोमीटरची ती धावपट्टी आहे. मोठ्यात मोठे विमानही तिच्यावर उतरू शकते, आणि मुख्य म्हणजे ती कोणाकडून तासांच्या हिशेबाने मागून घ्यावी लागत नाही.

मोप्याची कथा मात्र धावपट्टीइतकी सरळ नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २००० साली या विमानतळाला मान्यता दिली, तेव्हा तो सुरू झाला की दाबोळीची नागरी वाहतूक थांबवावी असे ठरले होते. दक्षिण गोव्यातून ओरड झाली आणि पुढे २०१० मध्ये ती अट गेली. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये कोनशिला बसली. जीएमआर कंपनीला चाळीस वर्षांच्या कराराने काम मिळाले. २०१९ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवाना स्थगित केला, कारण परिसरातील जंगलांची आणि संवेदनशील प्रदेशांची माहिती अर्जात नीट दिलेलीच नव्हती. २०२० च्या जानेवारीत, नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने देखरेख करावी असे सांगून, न्यायालयाने काम पुन्हा सुरू होऊ दिले. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ रोजी हैदराबादहून पहिले प्रवासी विमान उतरले. नाव मनोहर पर्रीकरांचे देण्यात आले. ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचे असावे अशी पेडण्यात अनेकांची इच्छा होती आणि चवथीच्या पंगतीत तो विषय अजूनही निघतो.

पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे २,८७० कोटी रुपये आणि क्षमता वर्षाला ४४ लाख प्रवाशांची. टप्प्याटप्प्याने वाढवत ती सरतेशेवटी ३ कोटी ३० लाखांपर्यंत नेता येईल, असे सरकारने उद्घाटनाच्या वेळी सांगितले. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४ लाख ५८ हजार होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला थोडी भोवळ येते. विमानतळाची वाढ म्हटली की आपण दरवाजे, पट्टे आणि दुकाने मोजतो. पण इतकी माणसे उतरल्यावर पाणी कोठले पिणार आणि त्यांचा कचरा कोठे जाणार, हा हिशेब विमानतळाच्या कुंपणाबाहेरचा आहे आणि तो कोणत्या टप्प्यात येतो ते मला कोणत्याच फलकावर आढळले नाही.

इमारत देखणी आहे, हे कबूल केले पाहिजे. भिंतींवर अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या निळ्या-पांढऱ्या चित्रांच्या टाइल्स आहेत. पणजीत फोंताइन्यशच्या घरांवर घराचा नंबर लिहिलेली अशी एखादीच टाइल दिसते, येथे मात्र भिंतीच्या भिंती आहेत. एका टाइलपुढे थांबून मी बोट फिरवून पाहिले. तेवढ्यात मागून एका बाईंनी मुलाला सांगितले, “हात नको लावूस, रंग जाईल,” आणि मीच हात मागे घेतला. जुन्या गोंयकार कॅफेच्या धर्तीवर केलेली खाण्याची जागाही आहे. चहाचा भाव पाहून मी घरच्या चहाची वाट पाहायचे ठरवले.

बाहेर पडल्यावर खरा प्रवास सुरू होतो. पणजीकडे जायची कदंबची बस माझ्या डोळ्यांदेखत सुटली. मला जायचे होते अगदी जवळ, म्हणून टॅक्सीवाले उत्साह दाखवीनात; इतका वेळ रांगेत थांबून एवढेच भाडे कोणाला परवडणार, हे त्यांचेही खरे. मडगावच्या माणसाची तऱ्हा उलटी, त्याला टॅक्सी आनंदाने मिळते आणि भाडे ऐकून तो मटकन खाली बसतो. शेवटी दादा स्वतः गाडी घेऊन आला. धारगळला राष्ट्रीय महामार्गाला मिळणारा सहा पदरी उन्नत रस्ता २०२४ च्या जुलैमध्ये सुरू झाला. त्याच्यावरून गाडी गेली की खालचे गाव दिसतच नाही. दादा मुद्दाम जुन्या वाटेने, नागझरवरून, घेऊन गेला. पत्रादेवीची सीमा तेथून फार लांब नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी त्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. दाबोळीचा विमानतळ सुरू झाला तेच हे वर्ष, हे मी आजवर कधी जुळवून पाहिले नव्हते.

घरी पोचलो तेव्हा माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची चौकट, बांधायचे काम अर्ध्यावर आले होते. चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन आणि चिबूड टांगून झाले होते आणि वहिनी एका पिशवीतून लालभडक कवंडळे, ही रानवेलीची फळे, काढून देत होती. पिशवीवर म्हापशाच्या बाजारातल्या दुकानाचे नाव होते. मी दादाकडे पाहिले. लहानपणी तयेच्या सकाळी आम्ही दोघे कोयता घेऊन सड्यावर जायचो आणि कवंडळे, कांगले वेलीवरून ओढून आणायचो. कोणाच्या कुंपणातले काय, हा प्रश्नच नसे. “सड्यार आमचे काजू आशिल्ले,” सड्यावर आमचे काजू होते, एवढेच दादा म्हणाला. जमिनीचा मोबदला मिळाला, त्यातून गाडी आली, ज्या गाडीने तो मला आणायला आला होता, आणि त्याचा धाकटा मुलगा विमानतळावर सामान हाताळणाऱ्या विभागात कामाला आहे. त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. हजारो झाडे तोडली गेली, धनगरांची घरे दुसरीकडे हलवली गेली, हे तो पावसाचे प्रमाण सांगावे तसे सांगतो. कागदोपत्री सडा ही ओसाड जमीन ठरते, कारण कातळावर भात पिकत नाही. पण पावसाचे पाणी त्याच कातळात मुरते आणि खालच्या झरीला उन्हाळ्यात येते, हे कागद करणाऱ्याने मे महिन्यात आमच्या गावी येऊन पाहायला हवे होते.

रात्री जेवताना पुतण्याने सांगितले, की कतारची विमाने २०२४ च्या जूनपासून दाबोळी सोडून मोप्याला येतात, आणखीही येतील, आणि मग दाबोळी ओस पडेल. त्याच्या आवाजात अभिमान होता. मी फोंड्याचा म्हणून मला चिडवायला हे चालले होते हे उघड आहे, तरी मी तावातावाने दाबोळीची बाजू घेतली. वास्को, मडगाव, केपे, काणकोणच्या माणसाला तासाभराच्या विमानासाठी दोन-अडीच तास गाडीत बसवणे याला सोय म्हणता येत नाही. दोन्ही चालू राहिले तरच या खर्चाला अर्थ आहे. दादा मध्ये पडला नाही. तो शिडीवर चढून शेवटचे कवंडळ बांधत होता. डोक्यावरून एक विमान खाली येत गेले, कौले थरथरली, आणि आवाज विरेपर्यंत तो सुतळी दातात धरून तसाच थांबला. मग त्याने गाठ मारली आणि वहिनीला विचारले, “सरळ आली का गं?”