कर्नाळा: 'तासाभरात वर' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका

"पोरंटोरंही चढतात रे, तासाभरात वर," असं सांगणारा मित्र कर्नाळा किल्ल्यावर जानेवारीत गेला होता. आम्ही गेलो ऑक्टोबरातल्या रविवारी, आणि चढायला लागलो सकाळी दहाला. दोन तास दहा मिनिटं लागली. आम्ही सिंहगड महिन्यातून दोनदा करणारी माणसं आहोत, हेही सांगून ठेवतो.

पनवेलहून पेणकडे जाणारी एसटी धरा, मुंबई-गोवा महामार्गावर कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या दाराशीच उतरता येतं, किल्ल्याची वाट तिथूनच. सगळ्या गाड्या थांबत नाहीत, चढतानाच कंडक्टरला विचारा. दारावर प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात, परतताना बाटल्या दाखवल्या की पैसे परत. पावती खिशात ठेवू नका. माझ्या पावतीचा घामाने लगदा झाला.

सुरुवातीची सपाट वाट, पाट्या वगैरे ठीक. खरा प्रकार त्यानंतर. किल्ला उंचीला जेमतेम ४४० मीटरच्या आसपास, पण जंगल इतकं दाट की वाऱ्याची झुळूक आत शिरत नाही. ऊन लागत नाही म्हणून आपण खूश असतो आणि सावलीतच शिजत असतो. मुळांच्या आडव्यातिडव्या पायऱ्या, मधे गुळगुळीत झालेले धोंडे, आणि प्रत्येक वळणावर वाटतं की आता सोंड, म्हणजे डोंगराची उघडी धार, आली. येत नाही. एका धोंड्यावर मी सरळ बसलो, म्हणजे घसरून बसलो. पक्षी? एक भृंगराज दिसला, बाकी माझाच श्वास ऐकू येत होता.

सोंडेवर पोचलात की वारा लागतो आणि सगळं माफ होतं. पुढे कर्णाई देवीचं देऊळ, पडका दरवाजा आणि तो सुळका. सुळक्याच्या पायथ्याला कातळात टाकी खोदलेली आहेत, पण त्या पाण्याच्या भरवशावर जाऊ नका. माणशी तीन लिटर पाणी न्याच, आम्ही दीड नेलं आणि उतरताना एकमेकांच्या बाटल्यांकडे बघत होतो. सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात: सिगारेट, अत्तर, आरडाओरडा काही नको. सुळका चढणं दोर घेऊन येणाऱ्यांचं काम. समोर प्रबळगड, माणिकगड झकास दिसतात. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा इथले किल्लेदार होते, फडक्यांचं गाव शिरढोण वाटेवरच लागतं. हा चढ त्या आजोबांना सवयीचा असणार, हे वर बसून फार टोचलं.

उतरताना एक कॉलेजातली मुलगी लालबुंद होऊन बसलेली. "काका, अजून किती?" मी म्हणालो, "दहाच मिनिटं." तिला निदान पाऊण तास होता. म्हणजे मीही त्यांच्यातलाच.

डिसेंबर-जानेवारीत, दार उघडताच आत शिरा. ऑक्टोबरात आणि मे महिन्यात साफ नको.

आणि रविवारी दुपारी उशीर करू नका. हात दाखवून तीन एसट्या भरलेल्या निघून गेल्या. शेवटी रिक्षा. पनवेलचे पाचशे सांगितले. जातानाच चौकशी केली असती तर निम्म्यात झालं असतं. घासाघीस करायला अंगात जोर नव्हता, आणि ते त्याला आमच्या तोंडाकडे बघूनच कळलं होतं.