बदायरच्या वाळूत क्वाड बाईक: ब्रेक विसरा, अंगठा सांभाळा

मेव्हणा कराडहून दहा दिवसांसाठी आला होता. बुर्ज खलिफा, मॉल, क्रीकवरची आब्रा (लाकडी होडी) सगळं दाखवून झालं तरी "दाजी, वाळवंट कधी?" एवढंच चालू, मग जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे शारजातून निघालो आणि तासाभरात बदायरला पोचलो. इतकी वर्षं इथे राहून मी स्वतः क्वाडवर, म्हणजे वाळूत पळणाऱ्या चारचाकी बाईकवर, कधी बसलो नव्हतो, हे त्याला सांगितलं नाही.

बदायर दुबई-हत्ता रस्त्यावर, म्हणजे ई ४४ वर. तिथली सगळ्यात मोठी टेकडी म्हणजे बिग रेड, अरबीत अल हमर, अंदाजे १०० मीटर उंच. वाळूत लोहाचा अंश आहे त्यामुळे रंग लाल, आपल्याकडच्या जांभ्यासारखंच प्रकरण. आसपास भाड्याने क्वाड देणारे रांगेने बसलेले असतात. भाव अर्ध्या तासाचा की तासाचा हे आधी विचारा, आणि घासाघीस बिनधास्त करा, होते.

आमचा शिकवणारा पेशावरचा. गिअर नाही, क्लच नाही, उजव्या अंगठ्याखाली ॲक्सिलरेटर, एवढंच सांगून म्हणाला, "भाईजान, ब्रेक भूल जाओ, अंगूठा याद रखो." मला वाटलं हसवतोय. वीस वर्षं स्प्लेंडर चालवलेला माणूस मी, पहिल्याच चढाला अर्ध्यावर भीती वाटली, अंगठा सोडला, ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी रुतली. मग घाबरून अंगठा फुल्ल दाबला तर मागची चाकं अजून खाली. रुतल्यावर रेस करायची नाही हो, उतरा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, मागून उचलून बाजूला सरकवा आणि हळू निघा. दोघं असाल तर पाच मिनिटांचं काम, एकटे असाल तर घाम निघतो.

पण खरा धोका वेगळाच आहे आणि तो आपल्या बाईकवाल्यांनाच जास्त. गाडी कलली की आपला पाय आपोआप खाली टेकतो, लहानपणापासूनची सवय. क्वाडवर पाय खाली गेला की मागचं चाक त्यावरून जातं. माझा बूट नुसता घासला, शिकवणारा लांबूनच ओरडला म्हणून वाचलो. चप्पल-सँडल घालून येणारे बघितले की आता पोटात गोळा येतो. पाय पायरीवरच ठेवायचे, आणि गाडी ज्या बाजूला कलेल त्याच्या उलट बाजूला अंग टाकायचं, म्हणजे चढावर पुढे झुका, उतारावर मागे सरका.

टेकडीला दोन तोंडं असतात. वारा येतो ती बाजू लांबट आणि घट्ट, पलीकडची मऊ आणि एकदम खडी. चढायचं ते घट्ट बाजूने, सरळ, आडवं नाही, आडवं गेलात की उलटलात. खालूनच वेग घ्यायचा आणि माथा आला की अंगठा सैल, कारण पलीकडे काय आहे दिसत नाही, खाली एखादी दुसरी क्वाड असते नाहीतर फोटो काढणारं कुटुंब. म्हणूनच प्रत्येक गाडीला मागे उंच काठीवर झेंडा असतो, तुमच्या गाडीला नसेल तर घेऊच नका. उतरताना नाक सरळ खाली, ब्रेक अगदी हलका.

वेळ सकाळची नाहीतर साडेतीननंतरची. पहाटेच्या दवाने वाळू जरा बसलेली असते, आणि कोवळ्या उन्हात सावल्या पडतात म्हणून खड्डे दिसतात. दुपारी ऊन डोक्यावर आलं की सगळं सपाट वाटतं आणि तिथेच लोक पडतात. सीझन नोव्हेंबर ते मार्च, उन्हाळ्यात नको.

हेल्मेट देतात पण आत घालायला स्वतःचा रुमाल न्या, गॉगल डोळ्यांना चिकटून बसणारा हवा. गाडी हातात घ्यायच्या आधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, आमच्याकडून परत देताना आधीचाच एक ओरखडा दाखवून जास्तीचे पैसे मागितले, व्हिडिओ होता म्हणून सुटलो. पासपोर्ट गहाण ठेवू नका. भारतातून येणाऱ्यांनी ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये क्वाड धरलीय का ते बघा, बऱ्याच पॉलिसीत नसते. ॲम्ब्युलन्स ९९८, पोलीस ९९९. लहान मुलांना छोटी क्वाड, मांडीवर बसवून अजिबात नाही. आपली कार वाळूत घालायचा मोह आवरा, फोर बाय फोरवालेसुद्धा टायरची हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवून जातात.

तासाभराने मेव्हणा माझ्यापेक्षा बरा चालवायला लागला, कारण त्याने ब्रेकला हातच लावला नाही. परतताना करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा घेतला तर दोघांच्याही उजव्या अंगठ्यात कप धरायचं त्राण नव्हतं, डाव्या हाताने प्यायलो.