चार टूल आणि सव्वीस बायका

सोलापूरच्या पूर्व भागातलं समाजमंदिर. तीन दिवसांचं क्विलिंगचं, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून वस्तू करायचं प्रशिक्षण, विषय राख्या आणि कानातली. सव्वीस बायका दहाच्या ठोक्याला हजर. पार्सल उघडलं तर कागदाच्या पट्ट्या भरपूर, आणि पट्टी गुंडाळायची टूल फक्त चार. पुरवठादाराला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, उद्या पाठवतो." त्याचा उद्या मला चांगला ठाऊक आहे.

टूल म्हणजे काही मोठी वस्तू नव्हे. एक दांडी आणि तिच्या टोकाला बारीक फट. फटीत पट्टीचं टोक अडकवायचं आणि दांडी फिरवायची. तेवढ्या फटीचे दुकानदार चाळीस-पन्नास रुपये घेतात याचा राग मला कधीचाच आहे. पण तेव्हा रागावून काय होणार होतं?

गोधडी शिवायच्या सुया आल्या. लांब नेढ्याची सुई घ्यायची, पकडीत धरायची, वरून फडकं टाकायचं आणि नेढ्याचा माथा तोडायचा. फडकं विसरायचं नाही, तुकडा थेट डोळ्याकडे उडतो. माथा गेला की नेढ्याचे दोन पाय उरतात, तीच फट. पाय फरशीवर घासून बोथट करायचे, नाहीतर कागद फाटतो. सुईचं टोक संपलेल्या स्केचपेनाच्या बुडात फेविकॉल आणि दोऱ्याने घट्ट बसवलं की झाली मूठ. एकीने हौसेने दाभण तोडलं. पण त्याचं नेढं एवढं जाड की गुंडाळीच्या मधोमध भोकच राहिलं. त्या फुलाकडे बघून सगळ्या हसल्या.

सुया आठच निघाल्या. उरलेल्यांसाठी उदबत्तीच्या जळून राहिलेल्या काड्या घेतल्या. ब्लेडने टोकाला सेंटीमीटरभर चीर द्यायची आणि चिरेच्या खाली दोरा आवळायचा. दोरा नसेल तर काडी बुडापर्यंत उभी फाटते. वीस-पंचवीस गुंडाळ्यांनंतर टोक मऊ पडतं, मग तेवढं कापून टाकून नवी चीर. फुकटचं टूल आणखी किती टिकणार?

गुंडाळी सैल सोडली की सगळ्या एकाच मापाच्या व्हायला हव्यात, नाहीतर एक कानातलं मोठं आणि एक लहान. एका मापाची गोल भोकं असलेली साच्याची पट्टी नव्हती. कुणीतरी पर्समधून गोळ्यांची रिकामी स्ट्रिप काढली. तिच्यातल्या खळग्यांत गुंडाळ्या सोडल्या, दहाही एकसारख्या. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

या सगळ्या गडबडीत भिंतीला टेकून बसलेल्या एका अक्कांनी काहीच मागितलं नव्हतं. साठीच्या असतील, आयुष्यभर बिड्या वळलेल्या. मी काडी घेऊन त्यांच्याकडे गेले तर समोर वर्तमानपत्रावर नऊ गुंडाळ्या ओळीत मांडलेल्या. घट्ट, सपाट, आणि मधोमध तो फटीचा छोटा वाकडा दुमडा नाही. टूलने केलेल्या गुंडाळीत तो राहतोच.

"अक्का, कशाने केल्या?"

त्यांनी अंगठा आणि तर्जनी वर केली. "एवढ्याला कशाला टूल लागतंय, टीचर?"

त्यांनी पट्टीचं टोक ओल्या बोटाने किंचित मऊ केलं, नखाने दुमडलं आणि चिमटीत फिरवलं. दुसऱ्या हाताच्या बोटाने कड दाबत गेल्या. माझं लक्ष त्यांच्या अंगठ्याकडे होतं. तो जागचा हललाच नाही, खालून कागद फिरत राहिला. मी तसंच करून पाहिलं तर माझी गुंडाळी शंखासारखी वर आली.

दुपारी पट्ट्या संपत आल्या तेव्हा रंगीत ए-फोर कागद कापायला घेतला. पाच मिलिमीटरच्या धरल्या तर एका कागदातून बेचाळीस पट्ट्या निघतात. मी स्टीलपट्टी शोधेपर्यंत अक्कांनी पिशवीतून आपली कात्री काढली. बिडीची पानं कापायची, मुठीत मुरलेली. रेघ न आखता त्या कापत सुटल्या. मी हळूच मोजून पाहिलं: पाच, पाच, पाच, एक सहा. मग त्यांनी कागद आडवा धरून कापला आणि ती पट्टी वळताना खरखरीत झाली. लगेच विचारलं, "पानाला शीर असतंय, तसं कागदाला पण हाय का?"

आहे. कागदाचे तंतू बहुधा एकाच दिशेला जास्त असतात, त्या दिशेने पट्टी सुरळीत वळते. ए-फोरमध्ये ती बहुतेक लांबीची बाजू असते. कागद दोन्हीकडून हलकेच वाकवून पाहिला की हाताला कळतं. हे सांगायला मी तिसरा दिवस राखून ठेवला होता.

पाच वाजता अक्कांच्या पुढ्यात झुमक्यांच्या अकरा जोड्या होत्या. एकीने तोवर दोनच केल्या होत्या, त्यातली एक फेविकॉलने वर्तमानपत्राला चिकटलेली. मी कौतुक करत होते आणि त्या कात्री फडक्यात गुंडाळत होत्या.

"टीचर, याचं हजाराला किती?"

बिडीची मजुरी हजारावर मिळते. झुमके हजाराने कोण घेतं, असं मी म्हणणार होते. पण त्या उत्तरासाठी थांबल्या होत्या. मी वहीत आकडे मांडायला लागले. कागद, हुक, फेविकॉल, दुकानदाराचं कमिशन. खाली उरलेला आकडा दोनदा तपासला आणि म्हटलं, "उद्या सांगते, अक्का."