दोन कंपन्यांचं मेल एकत्र करताना : माझा अनुभव

दोन कंपन्या एक झाल्या, नेटवर्क जोडलं गेलं आणि आमच्या हेल्पडेस्कवर तक्रारींचा पाऊस सुरू झाला. प्रत्येकाचं म्हणणं एकच : 'मेल चालत नाही.' प्रत्यक्षात दुखणी तीन होती.

पहिलं सोपं निघालं. दोन्हीकडचे लोक आता एकच डोमेन वापरत होते, पण आमचा एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) त्या डोमेनचा एकटा मालक असल्यासारखा वागत होता. पत्ता आपल्या यादीत नाही म्हणजे माणूसच नाही, असं धरून 5.1.1 हा 'असा पत्ता नाही'चा कोड लावून मेल परत. डोमेन 'इंटर्नल रिले' केलं, म्हणजे यादीत नसलेल्या पत्त्याचं मेल परत न करता पुढे पाठवायचं, आणि त्यासाठी पलीकडच्या सर्व्हरकडे नेणारा कनेक्टर लावला. हे एकाच बाजूला करायचं. दोन्हीकडे केलं तर चुकीच्या पत्त्याचं मेल चेंडूसारखं इकडून तिकडे फिरत राहतं.

कॅलेंडरने मात्र घाम काढला. आम्हाला त्यांच्या वेळा दिसायच्या, त्यांना आमच्या जागी नुसत्या तिरप्या रेघा, म्हणजे 'माहिती नाही'. एकतर्फी बिघाड असला की मी आधी डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) बघतो. त्यांच्या सर्व्हरवरून आमचं ऑटोडिस्कव्हरचं (एक्सचेंजच्या सेवा कुठे आहेत ते सांगणाऱ्या सेवेचं) नाव शोधलं, तर उत्तरात आमचा बाहेरचा आयपी! विनंती इंटरनेटवरून फिरून आमच्याच फायरवॉलवर आपटत होती. त्यांच्या डीएनएसमध्ये कंडिशनल फॉरवर्डर टाकला, म्हणजे आमच्या नावांची चौकशी थेट आमच्या आतल्या डीएनएसकडे जाईल, आणि आतून 443 पोर्ट (एचटीटीपीएसचा) उघडला. रेघा गेल्या.

तिसरं सगळ्यात चिवट. मेलबॉक्स हलवलेल्या माणसाला नवं मेल जायचं, पण त्याच्या जुन्या मेलला उत्तर दिलं की परत यायचं. जुन्या मीटिंगची वेळ बदलली तरी तेच. परत आलेल्या मेलमध्ये 'आयएमसीईएईएक्स'ने सुरू होणारा लांबलचक पत्ता असायचा. आउटलुक कंपनीच्या आतल्या माणसाचा ईमेल पत्ता नव्हे, तर एक्सचेंजमधली जुनी ओळख धरून ठेवतं, आणि मेलबॉक्स हलला की ती ओळख मागेच राहते. 'आउटलुकमधली पत्त्यांची सूचना पुसा' हा सल्ला इथे अर्धाच कामाचा, कारण जुन्या मेलच्या आत तीच ओळख असते. मग त्या पत्त्यातल्या खालच्या रेघांच्या (_) जागी तिरप्या रेघा (/), '+20'च्या जागी मोकळी जागा, '+28' आणि '+29'च्या जागी कंस असं उलगडून ती ओळख नव्या मेलबॉक्सला एक्स-500 पत्ता (एक्सचेंजच्या आतल्या ओळखीचा जादा पत्ता) म्हणून जोडली. पुढे यासाठी स्क्रिप्टच लिहिली.

ज्या आवर्ती मीटिंगांचे आयोजकच नोकरी सोडून गेले होते, त्या मात्र काढून नव्याने लावाव्या लागल्या.